धाकटी बॅटरी, थोरली बॅटरी

मंगळवार, दुपार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनाने, गुडघे आता तेवढं वाकू देत नाहीत). तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, रागावू नकोस. आळस केला नाही. दोनदा कागद घेऊन बसलो, पण 'मी बरा आहे, तू कशी आहेस' याच्यापुढे लिहिण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं, आणि एवढ्यासाठी पाकीट चिकटवणं जिवावर आलं. आता घडलं आहे. आधी हे सांग, तुझी कंबर कशी आहे? भाऊजी कानातलं यंत्र कानात घालतात की अजून खिशातच ठेवतात? सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक. मध्ये खोकला होता, तोही गेला. तो होता तोवर घरात निदान आवाज होता.

तर ताई, मी गाडी घेतो आहे. किंचाळू नकोस, पुढे वाच. विजेवर चालणारी, जुनी, कुणीतरी वापरलेली. शाळांचे गणवेश पोचवायला मी इतकी वर्षं व्हॅन चालवलीच ना? हात अजून बसलेला आहे. तुझ्याकडे यायचं म्हणजे बस दोनदा बदलायची, आणि परतीची शेवटची बस चुकेल या धास्तीने मी तुझ्या घरी बसतो तो एक डोळा घड्याळावर आणि एक दारातल्या चपलांवर ठेवून. (मागच्या वेळी तू म्हणालीस, आलास कशाला, फाटकातूनच हात हलवून जायचं होतंस. मला ते लागलं नाही. थोडं लागलं.) गाडी असली की बसची धास्ती नाही, म्हणून हा उद्योग.

जुन्या गाड्या विकणारा माणूस आमच्या रस्त्याच्या टोकाला बसतो. मी त्याला शपथवाला म्हणतो, कारण तो शपथेशिवाय 'बसा काका' सुद्धा म्हणत नाही. त्याच्याकडे एकाच जातीच्या दोन गाड्या होत्या, एक पांढरी, एक राखी. दिसायला जुळ्या. पण मुलाने फोनवर आधीच बजावलं होतं (तो रविवारी फोन करतो, बोलताना मागे त्याचं दुसरं काही काम चालू असतं, ते ऐकू येतं) की बाबा, या गाडीचे दोन प्रकार आहेत. मोटर आणि बॅटरीच्या जोडीला ते लोक पॉवरट्रेन म्हणतात. आधी कंपनीने लहान जोडी बसवली, पुढे मोठी काढली, आणि वर्षभर दोन्ही प्रकार एकाच अंगरख्यात विकले. मोठी बॅटरी असेल तर गाडी तुझ्या घरी येऊन परत माझ्या घरी पोचते, वर थोडी वीज उरते. लहान असेल तर तुझ्यापर्यंत येते आणि बसते. मी मनात त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली. आता कुठली कोणती, ते ओळखायचं कसं?

शपथवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, दोन्ही मोठ्याच. आईची शपथ." मी म्हटलं, आई कुठे असतात? तर म्हणाला, "ती गेली, पण शपथ चालते." मागे नावाच्या खाली निळी रेघ असली की गाडी मोठी, असंही त्याने दाखवलं. दोन्ही गाड्यांना निळी रेघ होती. राखी गाडीची मी नखाने सहज खरवडली, ती बोटाला चिकटून आली. शपथवाला म्हणाला, "उन्हाने सुटली असेल." गाडी छपराखाली उभी होती, ताई.

मग मी माझी विद्या काढली. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. थोरली जड, म्हणजे ती गाडी खाली बसणार, अगदी जड अस्तराचा कोट खांद्यावर बसतो तशी. टेप माझ्या खिशात असतेच. आडवा झालो आणि दोन्ही गाड्यांची उंची घेतली. पांढरी बोटभर खाली! मी खालूनच ओरडलो, सापडली, सापडली. पण ओरडणं सोपं होतं, उठणं नव्हतं. शेजारच्या शेडमध्ये विजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. त्या आल्या, माझे पाय बाहेर दिसत होते तिथे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, पडलात की काम चाललंय?" मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी मला बाहेर ओढलं, पांढऱ्या गाडीच्या टायरला लाथ मारली आणि म्हणाल्या, "हवा कमी आहे." झालं. माझी विद्या टायरमधून निघून गेली.

या बाई फटकळ आहेत, पण मनाने चांगल्या. मी शिंपी होतो हे कळल्यावर म्हणाल्या, "मग तुम्हाला काय सांगायचं? चिकटवलेल्या लेबलावर विश्वास ठेवायचा नाही, शिवलेलं बघायचं." बॅटरीच्या पेटीवर खालून एक पत्रा ठोकलेला असतो, त्यावर तिची ताकद कोरलेली असते. दरवाजाच्या चौकटीवरही एक पट्टी असते, टायरमध्ये हवा किती भरायची त्याची. थोरलीला हवा जास्त सांगितलेली असते. मी विचारलं, गाडी रिकामी करून परत भरली आणि मीटरवर किती वीज गेली ते पाहिलं तर? पोटात किती मावतं ते जेवायला बसवल्यावर कळेलच की. त्या म्हणाल्या, "बरोबर, पण म्हातारी झाली की थोरलीसुद्धा कमी जेवते. जेवणावरून वय कळतं, घराणं कळत नाही." हे ऐकून मी माझ्या कुकरचा विचार केला. एका माणसाचा भात इतका थोडा असतो की शिट्टीसुद्धा उगाच झाल्यासारखी वाटते.

त्यांनी दोन्ही गाड्या लिफ्टवर चढवल्या. शपथवाला आधी नको म्हणाला, मग आईचं नाव घेऊन हो म्हणाला. पांढरी निघाली खरी थोरली. राखी निघाली धाकटी. शपथवाला पत्र्याकडे बघून म्हणाला, "काका, मला स्वतःलाच धक्का बसला." बाई म्हणाल्या, "बसू दे, खुर्ची देते."

दोन्ही गाड्या मी चालवून पाहिल्या. दार उघडलं की गाडी आतून बाईच्या आवाजात स्वागत करते. मी दोन-तीनदा उगाच उघडून पाहिलं. शेजारच्या सीटवर माझी पिशवी ठेवली, तर गाडी टिंव टिंव करायला लागली; तिला वाटलं कुणीतरी पट्टा न लावता बसलं आहे. पिशवीला पट्टा लावला, तेव्हा गप्प झाली. मग आम्ही दोघं नदीपर्यंत जाऊन आलो. रस्ता चांगला होता. पिशवी काही बोलली नाही.

असो. पांढरी गाडी उत्तम आहे. मुलगा म्हणाला, शाबास बाबा, फसला नाहीत. त्या गाडीने मी सकाळी निघून तुला भेटेन आणि दिवेलागणीच्या आत घरी परतेन, कुणाला माझी अडचण नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पांढरी घेतली नाही. राखी घेतली. दाराशी उभी आहे.

ता. क. २. दुरुस्तीवाल्या बाई चिडल्या. म्हणाल्या, "एवढी शोधाशोध केली ती धाकटी घ्यायला?" मी म्हटलं, हो, कुठली कोणती हे कळल्याशिवाय धाकटी घेणार कशी? शपथवाला तर आयुष्यात पहिल्यांदा शपथ न घेता म्हणाला, की काका, पांढरी न्या. ताई, थोरली गाडी मला संध्याकाळी परत आणते. धाकटी तुझ्या दारापर्यंत येते आणि संपते. साध्या प्लगवर भरायला तिला अख्खी रात्र लागते, बाईंकडून नीट विचारून घेतलं आहे. तेव्हा राहावंच लागेल, त्याला कुणाचा इलाज नाही. तू प्रत्येक पत्रात राहायला ये म्हणतेस, पण मला नुसतं राहायला यायला जमत नाही. काहीतरी अडलेलं असावं लागतं. सूनबाईंनाही तसंच सांग, गाडी अडली म्हणून. व्हरांड्यात झोपेन. भात कमी खातो.

ता. क. ३. तुमच्या व्हरांड्याजवळ अर्थिंग असलेला प्लग आहे का, ते भाऊजींना विचार (यंत्र कानात घालायला लावून विचार, नाहीतर ते हो म्हणतील). वायर माझी लांब आहे. तेवढं लवकर कळव. प्लग नसला तरी लवकर कळव.