कोऱ्या पानावरच्या सह्या

१४ नोव्हेंबर २००८, तालुका गोरेगाव

आज बैठक सुरू व्हायच्या आधीच केंद्रप्रमुख साहेबांनी इतिवृत्ताच्या रजिस्टरात कोऱ्या पानाच्या तळाशी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मजकूर नंतर मी लिहायचा, ही आमच्या धान संशोधन केंद्राची रीत.

शेतकरी प्रतिनिधी, दवनीवाड्याचे काका, एकटेच बोलले, "तुमचा नवा धान वाऱ्यानं लोळून राहिला. बियाणं वाटू नका." निघताना मला म्हणाले, "माह्यं म्हणणं लिहिजो, बाई."

साहेब म्हणाले, "सर्वानुमते मंजूर, लिख दो."

मागची पानं चाळली. सगळं सर्वानुमते. इतक्या वर्षांत कोणीच 'नाही' म्हटलं नाही? की त्याही सह्या कोऱ्याच पानावर?

मी काकांचा विरोध त्यांच्याच शब्दांत लिहिला. उद्या रजिस्टर साहेबांकडे जाईल. मला नोकरीत कायम करायचं की नाही, तेही तेच ठरवतात.

घरात शिकलेली मी पहिलीच. आईला वाटतं, लिहायचं काम म्हणजे आरामाचं.