ताम्हिणी नावाचा बिल्ड

प्रिय निषाद,

भरेहून लिहिते आहे, तीन महिन्यांनी. ऑफिसातल्या पल्लवीकडून कळलं की नव्या कंपनीने तुझी नेमणूक अडवून ठेवली आहे. आपल्या ऑफिसने त्यांना पाठवलेला अभिप्राय मी वाचला. त्यात ‘निष्काळजी’ असा शब्द आहे.

घरी सगळे ठीक आहेत. रस्त्याकडेची जमीन गेली. मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत. जया आत्या अजून उरवड्याच्या कारखान्यात कामाला जाते. रबरी वायसर तपासून डब्यात भरायचे, असं काम. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, मी नेमकं काय करते. सांगितलं, रात्री सगळ्यांचा कोड एकत्र करून एक प्रोग्रॅम बनतो, त्याला बिल्ड म्हणतात. सकाळी तो सलाईनच्या पंपावर चढवायचा, पडद्यावरचा नंबर बघायचा, बाटली रिकामी होऊ द्यायची, अलार्म वाजतो का ऐकायचं. वीस मिनिटं. भरवशाचा निघाला तरच त्याला मुळशीतल्या एखाद्या गावाचं नाव द्यायचं. बाकीच्यांना नुसता नंबर. नाव असलेलाच बिल्ड बाहेर जातो.

आत्या हसली. भरेचं नाव दिलंस का म्हणाली. दिलं होतं, एप्रिलमध्ये. मग ताम्हिणीचं सांगितलं. २१२ नंबरचा, त्यात तुझी अलार्मची दुरुस्ती होती. हॉस्पिटलमध्ये चाचणीला नेला आणि बाटली संपली तरी पंप गप्प राहिला. नर्स शेजारीच होती, म्हणून निभावलं. अलार्म तुझा, म्हणून नोकरी तुझी गेली. राजूने तो भाग काढून नव्याने लिहिला.

आत्याने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, “डबा उघडून बघितला व्हतास, का नुसती वरची चिठ्ठी वाचलीस?”

मी ताट पुढे ओढलं. जेवले.

सोमवारी ऑफिसात हॉस्पिटलमधून परत आलेला तो पंप कपाटातून काढला. कोणी पुन्हा सुरूच केला नव्हता. पडद्यावर नंबर आला २११. जुन्या नोंदी पाहिल्या. त्या रात्री २१२ बनता बनता मध्येच अडला होता. त्याच्या जागेवर आदल्या दिवशीचा २११ तसाच राहिला, आपोआप होणाऱ्या तपासण्या त्याच्यावरच चालल्या आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, आल्या. तुझी दुरुस्ती हॉस्पिटलपर्यंत पोचलीच नव्हती.

त्या सकाळी मी पंपाला हात लावला नाही. हक्कसोडपत्रावर सही करायला दहाला पौडला पोचायचं होतं, भाऊ गाडी काढून थांबला होता. घरूनच हिरव्या खुणा पाहिल्या, नाव दिलं आणि निघाले. हॉस्पिटलच्या प्रकारानंतरच्या बैठकीत सुधीर सरांनी विचारलं, नाव देण्याआधी पंपावर चालवला होता ना. मी हो म्हटलं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि काही विचारलं नाहीस. पंपावर काय होतं ते सोमवारपर्यंत मला माहीत नव्हतं. मी तो चालवला नाही, हे बैठकीच्या दिवशीही माहीत होतं.

काल हे सगळं सरांना लिहून दिलं. त्याची सही केलेली प्रत सोबत आहे. नव्या कंपनीला दाखव. माझं इथलं काय होईल ते अजून ठरलेलं नाही. यादीतून ताम्हिणी हे नाव मी खोडलं आहे. त्याआधी तुझा त्या दिवशीचा कोड घेऊन २१२ नव्याने बनवला, पंपावर चढवला, पडद्यावरचा नंबर वाचला आणि बाटली लावून समोर बसले. विसाव्या मिनिटाला बाटली रिकामी झाली. अलार्म वाजला. मी तो लगेच बंद केला नाही.

तुझीच म्हणायचा हक्क न उरलेली,
गौतमी