सातव्या प्रश्नाचं उत्तर

मंगळवार, ३ फेब्रुवारी

जूनमध्ये याच वहीत लिहिलं होतं – ‘काकांच्या अर्जावरचं सातवं उत्तर साहेबांनी खोडलं.’ ते खोटं आहे. साहेब फक्त म्हणाले, “सातव्याचं बघ जरा.” खोडरबर माझ्या हातात होतं. आठ महिने ती ओळ तशीच राहिली. निदान वही तरी खरी असावी!

आमच्या ऑफिसची पद्धत अशी : गुंतवणुकीचा अर्ज आधी पेन्सिलने भरायचा, साहेबांना दाखवायचा, मग शाई. गिऱ्हाइकाची सही मात्र पहिल्याच दिवशी, शाईत. “माणसांना दोनदा कशाला हेलपाटे?” नवी होते तेव्हा मला हा साहेबांचा चांगुलपणा वाटला होता.

सातवा प्रश्न – वर्षभरात पैसे तिसऱ्या हिश्शाने घटले तर काय कराल? अ : लगेच काढून घेईन. ब : थांबेन. क : आणखी घालीन.

काका हसले होते. “आणखी घालीन? कुठून, भट्टीतून काढून?” मग हसू थांबलं. “काढून घेईन, पोरी. धाकटीच्या नर्सिंगच्या फीचे आहेत.”

मी ‘अ’वर खूण केली. संध्याकाळपर्यंत ती ‘क’वर गेली. ‘अ’ असेल तर जास्त कमिशनची ती जोखमीची योजना गळ्यात मारता येत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

योजना आणखी खाली. काकांचे निम्मेच उरलेत. साहेब टेबलावर बोटं वाजवत म्हणतात, “बाजार लांब पल्ल्याचा असतो.” कोणाचा पल्ला? काका एकसष्टचे. धाकटीची फी मार्चअखेर भरायची.

साहेब नगरपालिकेला उभे आहेत. त्यांच्या फलकाची दोरी माझ्याच खिडकीच्या गजाला बांधली आहे. जोडलेले हात, खाली ‘तुमचा हक्काचा माणूस’. वारा सुटला की साहेब डोलतात आणि माझी खिडकी खडखडते. दिवसभर.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काकांनी तक्रार केली होती. आज वरच्या ऑफिसातून चौकशीला एक बाई आल्या. साहेबांनी काकांपुढे अर्ज सरकवला. “सही तुमचीच ना? आणि हे बघा, आणखी घालीन!”

काकांना सहीपुरतीच अक्षरं येतात. त्यांनी अर्जाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पोरीनं लिहिलंय म्हणजे मी बोललोच असेन. हल्ली विसरायला होतं.”

बाईंनी मला विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय?”

“नाही,” म्हणाले.

नाही!

रविवार, ८ फेब्रुवारी

काका घरी आले होते. धाकटीचं शिक्षण बंद, कापडाच्या दुकानात लावतो म्हणाले. वर मलाच समजावत बसले – “तू नको मनाला लावून घेऊस. माझ्या जिभेला हाड आहे का? बोललो असेन मस्करीत.”

आई म्हणाली, “भाऊजी, ह्यांचं नशीब बघा. ह्यांचे पैसे जागच्या जागी!”

बाबा मान खाली घालून चहा फुंकत राहिले. चहा कधीच गार झाला होता.

काचेच्या कारखान्यात दोघे भाऊ सत्तावीस वर्षं एकाच भट्टीवर होते. कारखाना बंद झाला तेव्हा दोघांना सारखीच भरपाई मिळाली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. माझ्या फीसाठी काका रात्रपाळीवर रात्रपाळी करायचे. त्यावर कधी कोणी बोलत नाही. धाकटी दुसरी झाली असती.

काका गेल्यावर बाबांना म्हटलं, “खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल.”

“खरं काय आहे?” त्यांनी विचारलं.

मी भांडी घासायला उठले.

मंगळवार, १० फेब्रुवारी

साहेब आज फारच गोड. “निवडणूक होऊ दे, तुला नव्या शाखेत मोठ्या खुर्चीत बसवतो.” काका तक्रार मागे घेताहेत. सोमवारी बारा वाजता बाईंच्या ऑफिसात जाऊन सही करायची. “तेवढी येते की मला,” म्हणाले.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत कपाटातून बाबांचा अर्ज काढला. जूनमधला, काकांच्याच दिवसाचा. सकाळी बाबा, दुपारी काका. बाबांच्या सातव्या प्रश्नाला ‘अ’. कुठे खोडाखोड नाही. पेन्सिलच नाही. थेट शाई. साहेब चिडले होते, “पेन्सिल कुठाय?” मी म्हणाले होते, “विसरले.”

विसरले नव्हते.

दोन्ही अर्जांच्या झेरॉक्स पर्समध्ये आहेत. बाईंची वेळ मागून घेतली आहे – सोमवार, १६ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. काकांनी सही करायच्या आधी.