तुमचे चिरंजीव आणि माझी वर्तुळे

तीर्थरूप आत्यांस,

दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन केलेला साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरे काय ते पुढे येईलच. तुमचा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना अजून वाजतो का? फोनवरच विचारले असते, पण हल्ली कुणालाही फोन लावला की आधी तुमच्या चिरंजीवांचा आवाज लागतो. “नागरिकहो, घाबरू नका,” इथून सुरुवात करून ते शिंकताना कोपर कसे दुमडावे इथपर्यंत जातात, आणि त्यांचे आटोपून पलीकडून ‘हॅलो’ येईतो मी फोन कशाला केला तेच विसरलेला असतो. (लहानपणी पाहुण्यांपुढे कविता म्हणायला हाच मुलगा कपाटामागून बाहेर येत नसे. तेव्हा आपण त्याला उगीच ओढून काढले असे आता वाटते.)

तुमचा निरोप पोचला. वर्तमानपत्रातला पिलूच्या सत्काराचा फोटो तुम्ही भिंगातून पाहिलात आणि दोन गोष्टी विचारल्यात. एवढा मोठा सत्कार, तर मागच्या खुर्च्या रिकाम्या का? आणि सख्खा मामेभाऊ असून मी त्यात का नाही? तुमच्या मते माझ्या पोटात दुखते. आत्या, पोट सोडून माझ्या घरात बरेच काही दुखत होते. सगळे सविस्तर सांगतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. (त्याला आता सगळे साहेब म्हणतात, साथनियंत्रण कक्षाचा प्रमुख आहे तो. पण माझ्या हातून पिलूच लिहिले जाते. क्षमा असावी.)

रुग्ण वाढू लागले तेव्हा पिलूच्या कचेरीतून आमच्या शाळेत हुकूम आला की चित्रकला शिक्षकाने बाजारातल्या दुकानांपुढे उभे राहण्यासाठी वर्तुळे रंगवावीत. मी खूश झालो. इतकी वर्षे मुलांना हाताने वर्तुळ काढायला शिकवले, पण ते समाजाच्या उपयोगी पडेल असे कधी वाटले नव्हते. शाळेच्या शिपायाने दोरीचे एक टोक धरायचे, मी दुसऱ्या टोकाला खडू बांधून फिरायचे, आणि मग पांढरा रंग. वाण्यापुढे, औषधाच्या दुकानापुढे, बँकेपुढे अशी सुबक वर्तुळे काढली की येणारेजाणारे थांबून बघत होते. (थांबून बघणाऱ्यांची गर्दी झाली ती वेगळी.) दुसऱ्या दिवशी पाहायला गेलो तर प्रत्येक वर्तुळात एक पिशवी, एक चप्पल किंवा एक रिकामा डबा शिस्तीने उभा, आणि त्यांचे मालक वाण्याच्या छपराखाली सावलीत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून गप्पा मारत होते. चपलांमध्ये मात्र उत्तम अंतर होते. शहरातल्या एकाही चपलेला संसर्ग झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

मग अंतर दुप्पट करण्याचा हुकूम आला. वाण्याची रांग वळण घेऊन न्हाव्याच्या दारात गेली, आणि साखर घ्यायला आलेले दोघे दाढी करून परतले. त्यावर वाणी आणि न्हावी यांच्यात जुंपली, ती सोडवायला गर्दी जमली. पुढे तज्ज्ञांचे मत पडले की गोलात उभा माणूस इकडेतिकडे वळतो, तेव्हा चौकोन करावेत. मी चौकोन केले. जुन्या गोलांवर नवे चौकोन आल्यावर बाजारातला रस्ता भूमितीच्या पेपरासारखा दिसू लागला, आणि एक म्हातारे गृहस्थ नेमके कुठे उभे राहायचे ते न कळल्याने घरी निघून गेले. सगळ्या मोहिमेचा उपयोग झालेला तो एकटाच माणूस म्हणायचा.

रुग्ण मात्र वाढतच होते. चौकात मोठा फळा लावून त्यावर रोजच्या रुग्णसंख्येची रेघ रंगवायचे कामही माझ्याकडेच आले. रेघ वर वर चढू लागली तशी पिलूने आढावा बैठक बोलावली आणि मलाही नेले. आत्या, ती खोली तुम्ही पाहायला हवी होती. भिंतीवर ‘अंतर राखा’, आणि त्या पाटीखाली आम्ही एका बाकावर दोघांच्या जागी चौघे. खिडक्या घट्ट बंद, कारण वाऱ्याने नकाशा फडफडतो. एक साहेब खोकत होते, पण वरिष्ठ असल्याने कुणी ऐकले नाही. तपासणी केंद्राच्या डॉक्टरीणबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. (खुर्ची नाकारून दाराशी उभी राहिलेली ती एकच बाई. तेव्हा आम्हाला ती घमेंडखोर वाटली.) पिलूने त्यांना विचारले की आकडा कशाने वाढतो.

“लोक आजारी पडताहेत, आम्ही तपासतो, म्हणून सापडतात,” बाई म्हणाल्या.

“आणि तपासले नाहीत तर?”

“तर सापडणार नाहीत. पण साहेब...”

पुढचे कुणी ऐकले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला लहानपणी शिकवले खरे, पण त्यावर खाते चालवता येईल असे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. पिलूच्या हाताखालच्या सगळ्या तपासणी केंद्रांना ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशा पाट्या लागल्या. (पाट्या मीच रंगवल्या. अक्षर चांगले आले होते.) आणि काय सांगू, चौकातली रेघ अशी झरझर खाली उतरली की मला फळ्यापुढे बसून रंगवावी लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले काही खोकतही होते, पण टाळ्यांत ते विरून गेले.

त्याच सुमारास तुमची भाचेसून तापली. म्हणाली, दमले असेन. एका संध्याकाळी मी शाळेतून आलो तर जिन्यातच जळका वास. धावत आत गेलो, तर शेगडीवर दूध करपून भांडे काळेठिक्कर पडलेले, घरभर धूर, आणि ही शेजारी बसून शांतपणे भाजी निवडते आहे. “अगं, दूध!” मी ओरडलो. तिने वर पाहिले आणि म्हणाली, “काय झालं दुधाला?” आत्या, आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, शेजारच्या घरात फोडणी चुकली तरी हिला इथे बसून कळते. मी शेगडी बंद केली आणि तसाच बाहेर पडलो.

तपासणी केंद्रावर गेलो तर माझ्याच सुंदर अक्षरातली पाटी आणि खाली कुलूप. पहारेकऱ्याला विचारले, बाबा, बिघडलंय तरी काय? तो म्हणाला, “आकडा.” तिथून तडक पिलूकडे. त्याने प्रेमाने चहा मागवला आणि म्हणाला, “दादा, शहरात साथच उरली नाही, तर वहिनींना होईल कुठून? तू स्वतः रेघ खाली आणलीस ना?” पिलू वाईट नाही हो. तो फक्त स्वतःच्या फळ्यावर विश्वास ठेवतो.

आता त्या सत्काराचे. साथ आटोक्यात आल्याबद्दल सभागृहात समारंभ ठेवला होता. बाहेर पाऊस, म्हणून दारेखिडक्या बंद, आणि आत मुंगीला शिरायला जागा नाही. डॉक्टरीणबाईंना फोटोपुरते बोलावले आहे असे कळल्याने मी त्यांना गाठायला गेलो होतो, सत्काराला नव्हे. दारात पोचलो तेव्हा पिलूचे भाषण रंगात आले होते. व्यासपीठावर शोभेसाठी फिनेलचा एक मोठा डबा हार घालून ठेवला होता. (कल्पना कुणाची ते विचारू नका.) फोटो काढणारा चांगल्या कोनासाठी मागे सरकत गेला आणि डबा त्याच्या टाचेने उलटला. आत्या, असा भपकारा उठला की पुढच्या रांगेच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मंत्रमुग्ध बसलेली मंडळी नाक धरून उभी राहिली. सूत्रसंचालक पडद्यामागे पळाला. आणि त्या डबक्याच्या मधोमध पिलू हसतमुखाने बोलतोच आहे, “मित्रहो, आज आपण सारे मोकळा श्वास घेत आहोत!”

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “साहेब, वास येत नाही का?”

पिलूने माइकवरूनच विचारले, “कसला वास?”

मग सभागृह रिकामे झाले, आणि काय शिस्तीत! कुणी कुणाला धक्का दिला नाही, प्रत्येकाने पुढच्यापासून दोन हात राखले. मी महिनाभर रंग सांडून जे जमवू शकलो नाही ते तुमच्या मुलाने दोन शब्दांत करून दाखवले. फोटोवाल्याला पुष्पगुच्छाचा फोटो देणे भाग होते म्हणून त्याने तो तेवढ्यात काढला. खुर्च्या रिकाम्या त्यामुळे. आणि मी नाही, कारण मी खिडक्या उघडत होतो, आणि उघडून झाल्यावर बाईंना घेऊन घरी गेलो.

हिला तोच आजार निघाला. आता ताप उतरला आहे, वास मात्र परतलेला नाही, त्यामुळे मी केलेला स्वयंपाक तिला चालतो. केंद्राची दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी पूर्ण झाली, कारण साहेबांची तपासणी करायची होती. पाठोपाठ लोकांची ही रांग लागली. इतके दिवस उशीत तोंड खुपसून खोकणारे सगळे बाहेर आले. वाण्याच्या वडिलांना दवाखान्यात नळी लावली आहे. ते आधी दोनदा केंद्राच्या दारापर्यंत जाऊन माझी पाटी वाचून परतले होते. सुधारत आहेत म्हणतात. मी रोज जाऊन दवाखान्याच्या फाटकाशी चौकशी करतो. आणखी काय करणार?

पिलू तुम्हाला दौऱ्यावर आहे असे सांगतो ना? तो आमच्या माळ्यावरच्या खोलीत आहे. दवाखान्यात जाणे त्याच्या पदाला शोभत नव्हते. वाण्याच्या वडिलांचे मी दारापलीकडून सांगितले, तेव्हा त्याने कागद मागवून घेतला. त्यावर लिहिले की सर्व केंद्रे उघडावीत व पुन्हा बंद करू नयेत. सही केली. आता कचेरी म्हणते की रोग्याच्या हातचा कागद आम्ही स्वीकारू शकत नाही, तसा साहेबांचाच नियम आहे. हुकूम सध्या आमच्या खिडकीत उन्हाला ठेवला आहे. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर बत्ता ठेवला आहे.

आपला आज्ञाधारक भाचा.

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पिलूने पत्र वाचायला मागितले. आजारी माणसाचे मन मोडवेना. त्याने खाली चार ओळी लिहिल्या आहेत.

“आई, दादा तिखटमीठ लावून लिहितो. मी ठणठणीत आहे. वासाचे म्हणशील तर त्या दिवशी सर्दी होती. इथे जेवण मात्र अगदीच बेचव असते. मिठाचा हात आखडता दिसतो. बाकी काळजी नसावी. पिलू.”

ता. क. दुसरा. पिलूचा डोळा लागला आहे, म्हणून पाकीट पुन्हा उघडले. सत्काराच्या आधी तो तुमच्याकडे राहून गेला, आणि काल तुम्ही हिला फोनवर म्हणालात की दूधवाला पाणी घालतो, चहाला चवच राहिली नाही. आत्या, दूधवाल्याला बोलू नका. हे पत्र घेऊन आलेल्या बाई म्हणजेच त्या डॉक्टरीणबाई. तुमच्याकडचे केंद्र अजून कुलपात आहे म्हणून मी त्यांना गळ घातली. आधी सांगितले असते तर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून तुम्ही दार लावून घेतले असतेत. आपले घराणेच तसे. म्हणून हे पत्र एवढे लांबवले, की तुम्ही वाचत बसाल तोवर त्यांना पिशवी उघडून सगळी तयारी करता येईल. एव्हाना झाली असेल. आता चष्मा काढा आणि मान जरा मागे करा.