दोनदा म्हणा

४ मे, रविवार

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी अस्मादिक पुनश्च विद्यार्थी झाले. ही घटना जगाच्या इतिहासात नोंदली जाणार नाही, म्हणून येथे नोंदवतो. केडगावच्या आमच्या विद्यालयाने संस्कृत बंद केले. देववाणीस विद्यार्थी उरले नाहीत, असे मुख्याध्यापकांनी अत्यंत अशुद्ध मराठीत सांगितले आणि जूनपूर्वी इंग्रजी शिकवण्याचे प्रमाणपत्र आणा, अन्यथा घरी बसा, अशी आज्ञा केली. मी घरी बसणार या कल्पनेने मजपेक्षा माझी पत्नी रतन अधिक घाबरली. तुमचं मराठीच शेजाऱ्यांना कळत नाही, इंग्रजी कुणाला कळणार, असा आशीर्वाद देऊन तिने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा हाती ठेवला. कन्या संस्कृती (नामकरण अर्थातच माझे) स्थानकापर्यंत पोचवावयास आली.

एसटीच्या पाटीवर शहराचे नवे नाव, वाहकाच्या तोंडी जुने. गाडी मात्र तीच. नाव हा केवळ ध्वनी आहे, वस्तूला त्याचे सोयरसुतक नसते, हे तत्त्व मी कोल्हारच्या रिक्षावाल्यास विशद केले. त्याने हॉर्न वाजवला.

ज्यांची मायबोली इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी कसे शिकवावे, हे शिकवणारे आमचे केंद्र प्रवरेकाठी, उसाच्या मधोमध, एका जुन्या दगडी मिशनशाळेत आहे. प्रमुख कृपा मॅडम मृदुभाषिणी आहेत. स्वयंपाकीण छबूबाई मृदुभाषिणी नाहीत, पण त्यांची बाजरीची भाकरी वंदनीय आहे. सहाध्यायी जेम्स सोनईचा, तिशीच्या आतला. पुढच्या महिन्यात आराधना नामक मुलीशी त्याचा विवाह आहे आणि ही वार्ता तो दर घटकेस देतो. प्रत्येक वाक्यापूर्वी घसा खाकरण्याची माझी सवय, जिला रतन मंगलाचरण म्हणते, त्याने पहिल्याच जेवणात हुबेहूब उचलली. मी प्रसन्न आहे.

५ मे, सोमवार

आज पद्धती समजली. शिक्षकाने वाक्य म्हणायचे, हात पुढे करायचा, वर्गाने तेच म्हणायचे. मायबोलीस दाराबाहेर ठेवायचे. उद्यापासून दुपारी तीनला सरावाचा वर्ग. नदीकडची काही प्रौढ माणसे शिकावयास येतात.

एक नियम मात्र विनोदी आहे. फळ्याच्या वर भिंतीवर जुन्या तैलरंगात ‘जॉन ब्राऊन’ असे लिहिले आहे. पहिल्या पाठात प्रत्येक शिक्षकाने ‘माय नेम इज जॉन ब्राऊन’ असेच म्हणायचे. स्वतःचे नाव वर्गात कदापि उच्चारायचे नाही. कारण विचारले तेव्हा कृपा मॅडम नजर चुकवून म्हणाल्या की जुनी रीत आहे, त्यांच्याही बाईंनी त्यांना कारण सांगितले नव्हते. आमच्या शास्त्रांवर अंधश्रद्धेचा आरोप होतो. ब्राऊनसाहेबांचे काय ते कोणी विचारीत नाही.

६ मे, मंगळवार

पहिला पाठ. दिग्विजय.

मंडळी तीनला आली, बाकांवर बसली. कोणाचाही चेहरा ध्यानात राहू नये असे चेहरे. वैशाखातली दुपार, आणि एकाच्याही कपाळावर घर्मबिंदू नाही. दाराबाहेर चपलाही नव्हत्या, तरी सर्वांचे पाय स्वच्छ. स्वच्छतेचा हा संस्कार मला भावला.

ब्राऊनसाहेबांना मी रजा दिली. ढोकणे कुलोत्पन्न पुरुषाने परक्या गोऱ्याचे नाव का सांगावे? घसा खाकरून म्हणालो, माय नेम इज मच्छिंद्र ढोकणे. आणि आपली संथेची रीत योजली: गुरूने एकदा म्हणायचे, शिष्यांनी दोनदा. स्वतःचे नाव घालण्याचा आगाऊपणा नको, आधी अक्षरशः माझ्यामागे म्हणा, असे खुणेने बजावले. त्यांनी दोनदा म्हटले. काय ते स्पष्ट उच्चार! विद्यालयातल्या एकाही विद्यार्थ्याने मला हे सुख दिले नव्हते.

मागे निरीक्षणास बसलेल्या जेम्सने नंतर विचारले, काका, ब्राऊन कुठं गेला? इंग्लंडला परतला, असे सांगितले. तो हसला नाही. हा मुलगा विवाहाच्या चिंतेत असावा.

७ मे, बुधवार

आज एकेकास उभे करून नाव विचारले. पहिल्या बाकावरची तपकिरी लुगड्यातली वृद्धा उठली आणि माझे नाव सांगून बसली. दुसऱ्याने माझे नाव सांगितले. तिसऱ्याने. शेवटच्या बाकापर्यंत खोलीत मच्छिंद्र ढोकणेच भरले होते. ‘युवर नेम, युवर नेम’ असे मी छाती बडवून सांगितले. ते संयमाने ऐकत राहिले, आणि पुन्हा तेच.

वृद्धा दुसऱ्यांदा उठली तेव्हा मच्छिंद्र भिमाजी ढोकणे म्हणाली. वडिलांचे नाव मी वर्गात घेतलेले नाही.

म्हणण्यापूर्वी तिने घसा खाकरला.

हे जेम्सचे चाळे, असे गृहीत धरून मी त्यास फैलावर घेतले. त्याने आराधनाची शपथ घेतली. ती तो खोटी घेणार नाही.

८ मे, गुरुवार

कृपा मॅडमना सांगितले. त्या उभ्या होत्या त्या खाली बसल्या. त्यांनी एकच विचारले, किती वेळा म्हणवून घेतलंत? दोनदा, असे म्हणताना प्रथमच मला संथेचा अभिमान वाटला नाही.

पुढचे छबूबाईंनी सांगितले, चुलीपाशी बसून, माझ्याकडे न पाहता. मोठ्या दुष्काळात लोक माणसे आणून या पायरीवर सोडून जात, नाव न सांगताच. कित्येक इथेच सरली, बिननावाची. “मानसं वाईट न्हाईत, मास्तर. त्यास्नी निस्तं नाव पायजे. एकदा म्हनलं तर हवंत जातं. दोनदा म्हनलं की धरून ऱ्हातं. नावामागं घर आलं, घरामागं मानसं आली. म्हनून त्यो भिताडावरचा सायेब. त्याचं घरच न्हाई, त्यो कुनाला घावनार?”

मी तत्काळ केडगावला जावे, असे मॅडम म्हणाल्या. प्रमाणपत्राचे काय, असे मी विचारले. अभ्यासक्रम अर्धा टाकला तर नोकरी गेली, आणि संस्कृतीच्या महाविद्यालयाचे अद्याप एक वर्ष आहे. एका कथेपायी मी पळावे? राहणार आहे. जे पाठांतराने दिले ते पाठांतरानेच परत घेईन.

९ मे, शुक्रवार

ब्राऊन म्हणवून पाहिले. हात पुढे केला. वर्ग मूक.

मग त्यांनीच आरंभ केला. आय लिव्ह इन केडगाव. माय वाइफ इज रतन. माय डॉटर इज संस्कृती. सर्व एका सुरात, माझ्या आवाजात, आणि प्रत्येक वाक्य दोनदा. ‘थांबा’ असे म्हणावयास मी तोंड उघडले. तो शब्द माझ्याआधी त्यांनी उच्चारला.

घरी दूरध्वनी केला. रतन हसून म्हणाली, अहो आत्ताच तर बोललात की घटकाभर! आणि काय ते गोड बोलणं, गुडघा कसा आहे म्हणून विचारलंत. तेवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

जो कोणी आहे तो मजहून बरा पती आहे, हे मान्य करावे लागेल. ते मी नव्हतो, असे सांगणार होतो. ‘नाटकं पुरे’ म्हणून तिने ठेवून दिला.

१० मे, शनिवार

काल वर्गात तपकिरी लुगडे नव्हते, हे आज आठवले. पहिल्या बाकाचे टोक रिकामे.

जेम्स न्याहारीस समोर बसला आणि मला ‘आपण’ म्हणाला. काका नव्हे. कोठून आलात, असे त्याने सौजन्याने विचारले.

कृपा मॅडमनी हजेरी घेतली. माझ्यापाशी येऊन थांबल्या, ओठ हलले, काही आठवेना. मग पुढे गेल्या. मीच ओरडलो असतो. परंतु काय म्हणून ओरडावे? आडनाव जिभेवर येते आणि —

सामान तसेच टाकून निघतो आहे. प्रमाणपत्र गेले खड्ड्यात.

त्याच दिवशी, कोल्हार स्थानक

छबूबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांना विचारले, मला ओळखता ना? त्यांनी पदर तोंडाला लावला. “मास्तर हुता न्हवं तुमी? कंचं?” आणि रडू लागल्या.

उष्म्यात चालत आलो. घाम आला नाही.

गाडीस अवकाश. घरी पुन्हा लावला. संस्कृतीने उचलला. बेटा, मी बाबा, असे म्हटले. ती म्हणाली, राँग नंबर लागला असेल, बाबा तर इथं जेवतायत, काल रात्रीच आले. मी विनवले. तिने त्यांना दिला.

पलीकडे घसा खाकरला गेला.

मग त्याने अत्यंत मायेने, नवशिक्यास विचारावे तसे, इंग्रजीत विचारले — तुमचे नाव काय?

वाट पाहिली त्याने. बराच वेळ. मी —

गाडी आली. वाहकाने कोठे म्हणून विचारले. गावाचे नाव —

१२ मे

चालत परत. आणखी जाणार कोठे.

बाकावर आहे. पहिल्या. टोकाची जागा.

शेजारचे बोलत नाहीत. सरकून जागा दिली. चपला कोठे गेल्या ठाऊक नाही. पाय स्वच्छ.

आज जेम्सचा पाठ. तो पक्का आहे. ब्राऊन म्हणतो, नेहमी ब्राऊन. शाबास. तसाच राहा, मुला. मला काही नको तुझे. सोनई नको. आराधना —

ती कशी असेल. कोणीतरी हाक मारील. नावाने.

नको. नको —

त्याला सांगायला हवे, विद्यार्थ्यांना उत्तर देऊ नकोस. उठलो. तो वळला. माझ्याकडे पाहिले. कपाळाला आठी, काहीतरी आठवत होते त्याला. हळूच म्हणाला, काका?

सांगणार होतो. तोंडातून दुसरेच — इंग्रजीत. शुद्ध. नाव विचारले मी त्याला.

चांगल्या घरचा मुलगा. वडीलधाऱ्याने विचारले की सांगतोच. फळ्याकडे त्याने पाहिलेही नाही. हसला.

माय नेम इज —

मागे सर्वांनी श्वास घेतला. मीही. एकदा म्हटले आम्ही. आता पुन्हा