बाहीवरचा खडू

सोमवार, ५

सुनेच्या बाहीला आजही खडू नाही! कपडे मी धुते. डोळ्यापुढं धुकं आहे, पण हाताला कळतं. नऊ वर्षं ती शाळेत शिकवतेय, उजवी बाही कधी खडूशिवाय घरी आली नाही. आता पंधरा दिवस झाले — कोरी. कुठंतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, ६

घसाही बसलेला नाही. साठ पोरांवर ओरडून आलेली बाई इतकी गोड बोलते? "आई, चहा घेता का?" — घेतला. पण संशयानंच.

गुरुवार, ८

डबा चाटूनपुसून. पूर्वी अर्धा परत यायचा, खायला वेळ नाही म्हणून. डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारलं, तर "पगार झाला की बघू, आई." दोन महिने हेच! पगार होत कसा नाही? आणि रोज जाते कुठं ही? मुलगा परगावी कामाला, त्याला फोनवर सांगणार होते. गिळलं. आधी पुरावा.

शुक्रवार, ९

गेले शाळेत! सून चष्मा विसरली म्हणून. (सकाळी पिशवीतून मीच काढून ठेवला होता.) फाटकावर शिपाई — "आजी, कोण पाहिजे?" म्हटलं, "तपासणीला आलेय." हसला मेला, सोडलं आत.

सून हेडमास्तरांच्या खोलीबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ, खुर्चीवर. हात मांडीवर. समोरच्या वर्गात पोरं बाकांवर नाचतायत, शिकवायला कुणी नाही — आणि ही नुसती बसलेली!

शिपाई कानाशी लागला. "बाईंना वर्ग द्यायचा नाही, वरून हुकूम आहे. कागदावर पगार पुरा, हातात निम्मा. पुरा मिळाला म्हणून बाकीचे मुकाट सही करतात, या करत नाहीत. सही नाही तर निम्माही नाही. कंटाळून आपणच जातील म्हणून बसवलंय."

चष्मा त्याच्याच हातात दिला. तिच्यासमोर गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

शनिवार, १०

"शिपायानं सांगितलं सगळं," सुनेला म्हटलं. भांडी घासता घासता थांबली.

"मी सही नाही करणार, आई."

"करूच नकोस! माझ्या डोळ्याला घाई नाही. सत्तर वर्षं बघितलंच की. काही खास नव्हतं."

खुदकन हसली. मग कितीतरी वेळ एकच पातेलं घासत बसली.

बुधवार, १४

डोळ्याची तारीख मिळाली, येत्या सोमवारची. सून घोगऱ्या आवाजात सांगून गेली. पैसे कुठून आले, मी विचारलं नाही.

कपडे भिजवले. उजव्या बाहीला खडू.