पुंजारामनानांची सही

जेल रोड, नाशिक रोड
३ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. शुभांगीस,

अनेक आशीर्वाद. देवळ्याला सगळे बरे असतील. प्रफुल्लरावांचा खोकला गेला का? इकडे मी ठीक. जेवण वेळेवर होतं.

मी पुन्हा सह्या गोळा करायला निघालो. जुन्या संगीत नाटकांतल्या नटांच्या सह्या घ्यायचा माझा नाद तुझी आई गेल्यापासून सुटलाच होता. खरं तर मी नुसता पेन पुढं करायचो. म्हाताऱ्यांना बोलतं करायची ती.

सिन्नरला पुंजारामनाना भेटले. नव्वदीला टेकलेत. लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि मिसरूड फुटल्यावरही कितीतरी वर्षं नायिकेची कामं करत राहिले. सही मागितली तर हात इतका थरथरला की कागद फाटला. म्हणाले, "पुढच्या रविवारी या. तालीम करून ठेवतो."

रविवारी गेलो. सही झोकात केली! पण कोपऱ्यात त्यांची ट्रंक बांधून ठेवलेली. त्यांना सांभाळणारा पुतण्या सहादू आपल्या मुलाकडे पुण्याला राहायला चालला होता, तिथं एकच खोली. नानांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं होतं. सहादूला मान वर करवेना. नानाच हसून म्हणाले, "मुक्काम हलला, एवढंच. कंपनीत हेच तर केलं."

मी म्हणालो, "मग हा मुक्काम माझ्याकडे करा."

तोंडातून निघून गेलं. तुला आधी विचारायला हवं होतं. नाना तुझ्या खोलीत आहेत. तुझी पुस्तकं मी नीट बांधून माळ्यावर ठेवलीत.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. परवा नानांनी विचारलं, "घरात एखादं नऊवारी आहे का हो? बरेच दिवस झाले नेसून." तुझ्या आईचं कपाट मी वर्षभर उघडलं नव्हतं. उघडलं. तिचं अंजिरी लुगडं दिलं.

भिंतीला हात लावत लावत नेसले. मग हात सोडला, खांदे उतरवले, पदर सावरला आणि स्वयंपाकघराच्या दारातून माझ्यापर्यंत चालत आले. शुभे, ती चाल तुझ्या आईची नव्हती. तिची कुठली अशी नजाकत, ती धाडधाड चालायची. पण या घरात लुगड्याची सळसळ वर्षानं ऐकली.

मी रडलो. मोठ्यानं. तू तेव्हा सारखी म्हणायचीस ना, "बाबा, एकदा रडून घ्या," आणि मी चहाचं, माणसांचं बघत हिंडत होतो. ते सगळं परवा आलं. शेजारचे गोरक्षभाऊ धावत आले, नानांना लुगड्यात बघून दारातच थबकले.

नाना शांतपणे म्हणाले, "या, बसा. रडू द्या त्यांना. आमच्या वेळी लोक तिकीट काढून रडायचे."

मग आम्ही तिघंही हसलो.

तू देवळ्याला राहायला बोलावतेस, त्याला मी दरवेळी काहीतरी सबब सांगतो. खरं एवढंच की तिचं घर बंद करायला मन होत नव्हतं. आता तर नाहीच होणार. सकाळी कुणीतरी भसाड्या आवाजात गातं, चहात साखर कमी म्हणून भांडतं. मला बरं वाटतं.

दिवाळीला ये. झोपायला मधल्या खोलीत गादी घालीन. रागावली असशील तर इथं येऊन रागाव.

तुझं माहेर उघडं ठेवून बसलेला,
बाबा